पुडीत काय आहे

मी नेरूळमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. मी एकेकाला आत बोलावते, दंडाला पट्टा बांधते, मूठ आवळायला सांगते. आईचंही रक्त मीच काढते. तिच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला कायमची घ्यावी लागते, आणि रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ झालेलं नाही ना, हे दर महिन्याला तपासावं लागतं. निळ्या टोपणाच्या नळीत तिचं रक्त भरताना मला कधी वेगळं काही वाटलं नाही. हाताला सवय झाली की ती कोणाची शीर आहे याचा विचार मागे पडतो.

आई साताऱ्याकडची. वडील मार्केटात माथाडी कामगार होते आणि ती कांदा-बटाटा मार्केटात कांदे निवडायला जायची. पुढ्यात कांद्याचा ढीग आणि दिवसभर उकिडवं बसणं. तिचे गुडघे तिथेच झिजले. वडील गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. हळूहळू तिचं एकटीने खाली उतरणं बंद झालं. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि खाली भाजीवाला आला की वरूनच त्याच्याशी भाव करायची.

हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. हृदयाच्या डॉक्टरांनी इतक्यात नको म्हटलं, कारण ऑपरेशनसाठी रक्ताची गोळी थांबवावी लागते आणि झडपेच्या दृष्टीने ते जोखमीचं. दुखणं कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्याही त्यांनी बंद केल्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्या घेतल्या तर आत कुठेही रक्तस्राव होऊ शकतो, असं त्यांनी दोनदा बजावलं. उरली ती तापावर घ्यायची साधी गोळी आणि गरम पाण्याची पिशवी.

"म्हंजी दुखायचं तसंच दुखू द्यायचं," आई बाहेर आल्यावर म्हणाली. "आन् ह्यासाठी इतका येळ बसवलं."

पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी तिला सारसोळ्याच्या बाईचं सांगितलं. नेरूळमध्येच, खाडीकडच्या बाजूला जुनं गाव आहे, तिथली एक म्हातारी बाई झाडपाल्याचं औषध देते. सांधेदुखी, मुतखडा, कावीळ, सगळ्यावर. काकूंची मुंग्या येणारी टाच तिथे बरी झाली होती.

"टेन्शन नका घेऊ, आजी. आमी नेतो तुमाला रिक्षाने," काकू म्हणाल्या. "फक्त एक लक्षात ठेवा. ती इंग्लिश औषधं चालू आहेत का विचारते. हो म्हणालात तर परत पाठवते. नाही म्हणा."

हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर आईच्या गुडघ्यांना हिरवट तेल चोपडलेलं होतं आणि ओट्यावर वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या तपकिरी पावडरीच्या पुड्या होत्या. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घ्यायच्या.

मी एक पुडी उघडून वास घेतला. सुंठीचा वास होता, बाकी काही ओळखता येईना. आई म्हणाली, "झाडपाला हाय. त्येनं काय हुतंय?"

तीन दिवसांनी, पुढच्या खेपेला, मी सोबत गेले. मूळचं बैठं घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली होती. वरचे मजले भाड्याने दिलेले, आणि खालच्या खोलीत ती बाई औषध द्यायची. दारात तिची सून नंबर लावून बसवत होती. आत भिंतीला टेकून प्लॅस्टिकचे ड्रम होते, दोरीवर कसल्याशा पाल्याच्या जुड्या वाळत होत्या आणि शेजारच्या स्वयंपाकघरातून सुकट भाजल्याचा वास येत होता. बाई सत्तरीच्या पुढची, अंगाने भक्कम. तिने आईला पलंगावर बसवलं, साडी गुडघ्यापर्यंत सरकवली आणि दोन्ही अंगठ्यांनी वाटीभोवती दाबत गेली. घाई नव्हती. कुठे दुखतं, कधीपासून, जिना चढताना जास्त की उतरताना, झोपेत कूस वळताना कळ येते का, पूर्वी काय काम करत होतीस, असं सगळं तिने विचारलं. आई उत्तरं देत होती. कांद्यांचं सांगताना ती हसलीसुद्धा. इतकं बोलताना मी तिला कोणत्याच डॉक्टरांसमोर पाहिलं नव्हतं. कोणी तिला इतकं विचारलंही नव्हतं.

"मावशी, या पावडरीत काय काय आहे?" मी विचारलं.

"वनस्पती हायेत."

"कोणत्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "नाव सांगला का गुन जातो, पोरी."

परतताना रस्त्यात आई मला म्हणाली की अशा ठिकाणी आडवंतिडवं विचारू नये.

आणि खरंच गुण आला. पुड्या सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, आई एकटी जिना उतरली. कठड्याला धरून, पण उतरली. मी कामावरून आले तेव्हा ती बिल्डिंगच्या गेटाशी उभी राहून भाजीवाल्याशी समोरासमोर भांडत होती. घरी तिने पोळ्या लाटल्या, उभ्याने. काकूंनी सोसायटीतल्या आणखी तिघींना सारसोळ्याला नेलं. मला आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता. आईला असं चालताना बघून मी पुडीचा विचार करणं सोडून दिलं.

मग तिच्या हातावर डाग दिसायला लागले. काचेच्या बांगड्या जिथे मनगटाला टेकतात तिथे जांभळट निळे. ती म्हणाली, कुठेतरी आपटलं असेल. सकाळी दाताला तंबाखूची मिश्री लावताना हिरड्यांतून रक्त यायचं. ती चूळ भरून टाकायची आणि बेसिन धुऊन घ्यायची, म्हणजे मला दिसू नये. महिन्याच्या तपासणीची वेळ आली तेव्हा मी सुई काढली, कापूस दाबला, हात दुमडायला सांगितला. पुढच्या माणसाचं नाव लिहून परत वळले तर कापूस पूर्ण लाल झाला होता. दुसरा लावला, तोही भिजला. मी अंगठ्याने बराच वेळ दाबून उभी राहिले. बाकावरची माणसं बघत होती. आई त्यांना म्हणाली, "माजीच पोरगी हाय," जणू त्यांना तोच प्रश्न पडला होता.

रक्त किती पातळ आहे ते सांगणारा मशीनचा आकडा तिच्या नेहमीच्या आकड्याच्या दुपटीहून वर होता. अशा वेळी आधी मशीनवर संशय घ्यायचा, तसा मी घेतला. दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त काढलं. आकडा तोच आला. आमच्या लॅबच्या मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "घरी नेऊ नकोस. सरळ हॉस्पिटलमध्ये ने."

हॉस्पिटलमध्ये तिला ठेवून घेतलं. रक्ताची गोळी बंद केली, इंजेक्शन दिलं, डोक्यात कुठे रक्त साचलं नाही ना हे बघायला स्कॅन केला. साचलं नव्हतं. संध्याकाळी हृदयाचे डॉक्टर आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि आईला विचारलं, "आजी, नवीन काही सुरू केलंत का? गोळी, काढा, चूर्ण, काहीही?"

"न्हाय," आई म्हणाली.

मी म्हणाले, "गुडघ्यांसाठी झाडपाल्याची पावडर घेते. महिना होत आला."

आईने तोंड खिडकीकडे फिरवलं. डॉक्टर चिडले नाहीत. आयुर्वेदाचा किंवा घरगुती औषधांचा त्यांना राग होता असंही नाही. त्यांनी फक्त विचारलं की आराम किती दिवसांत पडला. मी सांगितलं. ते म्हणाले, "लसूण, आलं, हळद, गुग्गुळ, यांनीसुद्धा या गोळीचा परिणाम वाढू शकतो. म्हणून यात काय आहे ते मला कळायला हवं. पण इतके झिजलेले गुडघे चार-सहा दिवसांत चालायला लागले, तर मला दुसरीच शंका येते. ती पावडर घेऊन या. आणि ज्यांनी दिली त्यांना विचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी सारसोळ्याला गेले. औषधाचा वार नव्हता, खोली रिकामी होती. बाई जमिनीवर बसून कोळंबी सोलत होती. मी आई कुठे आहे ते सांगितलं. तिचे हात थांबले.

"रक्ताची गोली खाते ती?"

"हो. रोज. झडप बदलली आहे तिची."

"मी इचारलेला तिला," बाई म्हणाली. "पयल्याच दिवशी. इंग्रजी औषद चालू हाय का? नाय बोलली. तुज्या शेजारनीला इचार, ती होती बाजूला."

मला त्या क्षणापर्यंत हे माहीत नव्हतं. मी भांडायला आले होते आणि भांडणाचा निम्मा भाग तिथेच गळून पडला. उरलेला निम्मा मी बोलले. "आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही नाव सांगितलं नाहीत. आता डॉक्टर विचारतायत, त्यांना काय सांगू?"

बाई उठली. तिच्याही गुडघ्यांचा आवाज झाला. ती मला आतल्या बाजूला घेऊन गेली. दोरीवरच्या जुड्या दाखवून म्हणाली, ही निरगुडी, ही एरंडाची पानं, ही शेवग्याची साल. तेल या तिन्हींचं. हे ती स्वतः आणायची, स्वतः कढवायची, सासूने शिकवलं तसं. मग तिने एका निळ्या ड्रमचं झाकण काढलं. तीच तपकिरी पावडर, काठोकाठ.

"ही?"

"ही इकत घेते."

पूर्वी पोटात घ्यायचं औषधही ती स्वतः कुटायची. त्याच्या मुळ्या डोंगरावर मिळायच्या. डोंगराची ती बाजू खणून गेली आणि तिला चढवेना. मग एका माणसाने सांगितलं की तयार पावडर आणून देतो, त्याच वनस्पती, कुटायचा त्रास नाही. तो गोणीतून आणून टाकायचा. गोणीवर काही लिहिलेलं नसायचं. नव्या पावडरीने लोकांना फार लवकर बरं वाटायला लागलं, दारात गर्दी वाढली. तिला वाटलं, माल चांगला आहे.

"त्यात काय आहे, तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

तिने झाकण परत लावलं. "तो बोलला तेच मना माहीत."

म्हणजे नाव सांगितलं की गुण जातो, हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्याकडे सांगायला नावंच नव्हती. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिने स्वतःच ड्रममधली मूठभर पावडर पिशवीत बांधून दिली आणि म्हणाली, "दाखव तुज्या डाक्टरला."

आमच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासतात, पावडरीत काय आहे ते तिथे कळत नाही. डॉक्टरांनी ती ओळखीतून औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवली. रिपोर्ट यायला वेळ लागला. तोवर आईचा आकडा खाली आला होता, डाग पिवळे पडून विरत चालले होते आणि ती घरी आली होती. गुडघे पुन्हा पूर्वीसारखे दुखत होते. पावडरीत सुंठ होती, आणखी एकदोन वनस्पती होत्या आणि सांधेदुखीवरचं एक जुनं इंग्रजी औषध कुटून मिसळलेलं होतं. जी गोळी घेऊ नका असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं त्याच जातीचं. आई इंग्रजी औषध टाळायला तिथे गेली होती आणि सकाळ-संध्याकाळ तेच घेत होती.

मी तिला हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पर गुडगं बरं झालं व्हतं."

"आई, तू मेली असतीस."

"आगं, पर चालत व्हते की मी." तिने गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी सगळी म्हंता दुखू दे. कुनी इचारलं का, कुठं दुखतंय म्हून? तिनं इचारलं. मग तिला खरं सांगून मी परत का यावं?"

दोन्ही ठिकाणी ती खोटं बोलली होती. सारसोळ्यात औषध मिळावं म्हणून, हॉस्पिटलात औषध बंद होऊ नये म्हणून. मला ते चुकीचं वाटत होतं आणि कळतही होतं.

रिपोर्ट घेऊन मी परत सारसोळ्याला गेले. बाईला वाचता येत नव्हतं, सुनेने वाचला. औषधाचं नाव सुनेला नीट उच्चारता आलं नाही, पण ते इंग्रजी आहे एवढं दोघींना कळलं. बाईने विचारलं, "पोटाला काय करतो हा?" मी सांगितलं की पुष्कळ दिवस घेतलं तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्त पातळ असलेल्यांना तर फारच वाईट. ती एकेक माणूस आठवायला लागली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची आई. जुईनगरची एक मास्तरीण, तिला ॲसिडिटी झाली म्हणून बाईने आणखी एक पुडी दिली होती. तिची स्वतःची नणंद. बोलता बोलता ती थांबली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

पावडरवाल्याला सुनेने फोन लावला. तो म्हणाला, माझा माल शुद्ध आहे, तुम्हीच काहीतरी मिसळलं असेल. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. मी सरकारी कार्यालयात तक्रार दिली. त्यांनी रिपोर्टची प्रत ठेवून घेतली. पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही.

बाईने ड्रम रिकामा केला. पुढच्या वारी आलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं की पुडी बंद, फक्त तेल मिळेल, आणि घरी उरलेल्या पुड्या फेकून द्या. ज्यांनी बरेच महिने घेतली होती त्यांना डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्या म्हणाली. लोक चिडले. एकाने विचारलं, आमच्यासाठीच संपली का? गर्दी ओसरायला वेळ लागला नाही. आमच्या काकूंनीही तिकडे जाणं सोडलं, आता तिथे पूर्वीसारखा हातगुण राहिला नाही म्हणतात.

लॅबमध्ये मला लोक विचारतात. रक्त काढताना माणसं बोलतात, बहुधा सुईकडे लक्ष जाऊ नये म्हणून. अमुक ठिकाणी एक वैदू आहे, जाऊ का? जाऊ नका असं मी कधी म्हणत नाही. माझं ऐकून कोणी थांबत नाही, फक्त पुढच्या वेळी मला सांगत नाहीत. मी म्हणते, जाताना तुमच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि त्यांच्यापुढे ठेवा. परत पाठवलं तर परत या, ते बरंच झालं समजा. पोटात घ्यायचं काही दिलं तर ते कोणी कुटलं, कशाचं कुटलं, हे विचारा, आणि कशाचं ते कळत नसेल तर घेऊ नका. चालू गोळ्या बंद करा असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. पोटुशी बाई असेल तर मी जरा कडक बोलते. आणि फार लवकर बरं वाटलं तर खूश व्हायच्या आधी डॉक्टरांना सांगा, असंही म्हणते. या शेवटच्या वाक्यावर लोक हसतात.

गेल्या वर्षी हृदयाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं. रक्ताची गोळी थांबवून मधल्या दिवसांत इंजेक्शनं द्यायची, असं ठरलं. आदल्या दिवशी भूल देणारी तरुण डॉक्टर विचारायला आली, काय काय चालू आहे? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आईने मला हाताने गप्प केलं. रक्ताची गोळी, बीपीची गोळी, दुपारची कॅल्शियमची, मिश्री, रात्री हळद घातलेलं दूध आणि सारसोळ्याचं तेल, त्यात निरगुडी, एरंड, शेवगा, तिने सगळं सांगितलं. मिश्रीचं मलाही तिथे सांगवलं नसतं. डॉक्टरने हळदीचं दूध थांबवायला सांगितलं आणि बाकीचं लिहून घेतलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सारसोळ्याची बाई सुनेला घेऊन तिला भेटायला आली. वॉर्डात दोघी हळू आवाजात बोलत होत्या. बाईने पट्टीच्या वर, मांडीवर हात ठेवून विचारलं, "कसा वाटतंय?"

"दुखतंय," आई म्हणाली, आणि कुठे ते बोटाने दाखवलं.

तो गुडघा आता बरा आहे. ती वॉकरशिवाय चालते, जिना सावकाश उतरते. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन करायला मात्र ती तयार नाही, आणि महिन्यातून एकदा रिक्षाने सारसोळ्याला जाऊन त्याला तेल लावून घेते.